चिखल गेला, त्यानंतरचं

पुरानंतरचे पहिले काही महिने मला काहीही झालं नव्हतं. झोप लागत होती, जेवण जात होतं. लोक म्हणायचे, ‘हिचं बघा, कशी खंबीर आहे.’ खंबीर कसली, वेळच नव्हता. चिखल काढायचा, पंचनाम्याला तलाठी येणार म्हणून दारात ताटकळायचं, फुगलेल्या गाद्या रस्त्यावर नेऊन टाकायच्या, शिलाई मशीनच्या मोटरी दुरुस्तीला द्यायच्या. माझं जे बिनसलं ते पुढच्या वर्षी, पहिला मोठा पाऊस पत्र्यावर वाजला तेव्हा.

मी चिपळूणची. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं जुनं घर, पुढे दुकान, मागे राहणं. दुकान म्हणजे ब्लाऊज आणि फॉल-पिको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. आदल्या रात्रीपासून तो तसला पाऊस, वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही फुगलेल्या, त्यात भरती, म्हणजे पाणी दाभोळच्या खाडीकडे उतरायला तयार नाही. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीतच येतं, त्यामुळे पाणी पावसाचं किती आणि धरणाचं किती, हा वाद आमच्याकडे अजून चहाच्या टपरीवर रंगतो. मी त्यात पडत नाही.

आम्ही पूर पाहिलेली माणसं होतो. २६ जुलै २००५ च्या पाण्याची खूण दुकानाच्या भिंतीवर होती. सासरे होते तोवर रंगकाम करतानाही तेवढी पट्टी सोडायला लावायचे. त्या खुणेच्या वर हातभर उंचीवर फळी मारून गिऱ्हाइकांचं सगळं कापड आम्ही तिथे ठेवायचो. पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्ही मशिनं टेबलावर चढवली, पासबुकं आणि रेशनकार्ड पिशवीत घातली. गाठोडी फळीवरच राहू दिली, ती खुणेच्या वर होती ना. सकाळी खूण बुडाली. मग फळी. मग मी, नवरा आणि सासूबाई माळ्यावर.

माळ्यावर वीज नाही, फोनला रेंज नाही. आमचा फ्रिज पाण्यावर तरंगत वर आला होता आणि खालून तुळईला येऊन थडकायचा. थोडा वेळ गप्प, की पुन्हा थडकायचा. मधल्या शांततेत मला फक्त श्वास ऐकू यायचे, सासूबाईंचा धापा टाकणारा आणि माझा. कौलं काढून शेजारच्या इमारतीतल्या मुलांनी आम्हाला बाहेर घेतलं तोवर हेच चाललं होतं. त्या दिवसाबद्दल एवढंच पुरे. पुढे जे सांगायचंय त्यात या श्वासांचा संबंध येतो म्हणून हे सांगितलं.

नंतर जो येईल तो एकच वाक्य म्हणायचा, ‘जीव वाचला हेच खूप.’ खोटं नव्हतं ते. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली, ८० हून जास्त माणसं गेली. आमच्यातलं तर कोणी गेलं नव्हतं. मोठे दीर म्हणायचे, ‘तळियेकडे बघ आणि देवाला हात जोड.’ मी जोडायचे. पण हे वाक्य ऐकलं की पुढचं बोलणंच खुंटायचं. मला सांगायचं असायचं की लोकांचे शालू गेले, माझ्या हातून गेले, त्याचं काय करू. ते जिवापुढे इतकं क्षुल्लक ठरायचं की तोंड उघडायची लाज वाटायची. कृतज्ञतेबद्दल माझ्या मनात जी अढी बसली ती तिथेच.

२०२२ च्या जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि माझी रात्रीची झोप संपली. दर तासाला उठून दार उघडून गटार बघायचं. नदीची पातळी सांगणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘इशारा पातळी’ असे शब्द दिसले की तळहात गार पडायचे. दिवसा सुईत दोरा ओवताना हात थरथरायचा. मी मागे घरात असताना कोणी दुकानाचं शटर ओढलं की मला थेट फ्रिज ऐकू यायचा. म्हणजे आठवायचा नाही, ऐकूच यायचा. ओल्या कपड्यांचा वास सोसेना म्हणून पावसाळ्यात धुणंसुद्धा मी नवऱ्यावर टाकलं. नदीवरच्या पुलावरून जायचं टाळायला लागले, मग पेठेत जायचं, मग बाहेर पडायचंच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक निघालं तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सासूबाई म्हणाल्या, ‘जा गो. दाढ दुखली तर जातेस ना?’ त्या नसत्या तर मी गेले नसते.

तिथे या दुखण्याचं नाव कळलं, पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे ते पुढे आलं आणि १९८० मध्ये तिकडच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला त्यातलं एकच कामाचं वाटलं. घडून गेलेल्या गोष्टीला आपलं शरीर ‘गेलेली’ मानत नाही, ते अजून पहाऱ्यावरच असतं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्याच दवाखान्यात समुपदेशनाला एक मॅडम होत्या, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जायचं ठरलं. गोळ्यांबद्दल लोक नाकं मुरडतात. मला त्यांनी झोप परत दिली आणि झोप आल्यावरच बाकीचं काही करता आलं, हे लिहून ठेवते.

आता श्वासाचं. दवाखान्यात जायच्या आधीच मी फोनवर शोधून ध्यान सुरू केलं होतं. डोळे मिटा, शांत बसा, श्वास आत येतोय, श्वास बाहेर जातोय. आवाज गोड, मागे बासरी. मी डोळे मिटले की अंधार, आणि अंधारात श्वास. म्हणजे पुन्हा माळाच! छातीत असं काही धडधडायचं की मी उठून अंगणात यायचे. मला वाटलं, जगाला जमतं ते मला जमत नाही, आपलंच मन कच्चं. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बंद करा ते. तुमच्यासाठी श्वास ही सध्या सुरक्षित जागा नाही.’ मोठा आघात झालेल्यांना डोळे मिटून आत बघायला लावलं की काही जणांचा त्रास वाढतो, हे त्यांच्या क्षेत्रात ठाऊक असलेलं आहे, असंही म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं! दोष माझा नव्हता.

नणंद विपश्यनेवाली. इगतपुरीला धम्मगिरीत जाऊन आलेली, आणि तिला खरंच फायदा झालेला. गोयंका गुरुजींनी ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये ही विद्या भारतात आणली, तिथे दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, फी नाही, जे काही ते दानावर, हे सगळं तिने मला रंगवून सांगितलं. ‘वहिनी, तू चल. दहा दिवसांत कोरी होऊन येशील.’ अर्जात मात्र मानसिक आजार आणि चालू औषधांबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं. मॅडम म्हणाल्या, अर्जात खरं लिहायचं आणि सध्या थांबायचं. नणंद थोडी रुसली. मी अजून गेलेले नाही. कधी जाईन की नाही, सांगता येत नाही. चांगली गोष्ट प्रत्येक वेळी प्रत्येकाला चांगलीच असते असं नाही.

मग मॅडमनी जे शिकवलं ते दिसायला काहीच नव्हतं. डोळे उघडे ठेवायचे. पाय जमिनीवर टेकवायचे आणि टाच, तळवा, बोटं जमिनीला कुठे कुठे लागतायत ते बघायचं. मग दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, मग स्पर्शाच्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. मनातल्या मनात नाही, हळू का होईना तोंडाने. दुकानात मी सुरू केलं: कात्री, टेप, निळा खडू, हुकांची डबी, दोऱ्याची रिळं. नवरा पहिल्यांदा घाबरला. त्याला वाटलं मी स्टॉक मोजतेय.

हे माइंडफुलनेस असतं, म्हणजे आत्ता जे समोर आहे त्यावर लक्ष ठेवणं, हे मला उशिरा कळलं. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबात-झिन नावाच्या माणसाने जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, तिथून हे दवाखान्यांत शिरलं. मूळ बौद्ध साधनेतलंच. म्हणजे आपल्याकडून गेलं आणि इंग्रजी नाव लावून परत आलं, असं नणंद म्हणते, आणि त्यात तिला फार आनंद होतो.

माझी खरी जागा मात्र मॅडमना माहीत नव्हती, ती मला सापडली. हातशिलाई. मशिनवर हात आपोआप चालतो आणि मन भरकटतं. हुक लावताना, काज करताना तसं होत नाही. ब्लाऊजची पट्टी डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणून धरायची. सुई खालून वर येताना अस्तर आधी लागतं, मग कापड, दोन्हीचा विरोध वेगळा. दोरा ओढला की शेवटी बारीक ‘टच्’ होऊन तो बसतो. हुकाच्या डोळ्यातून टाके फिरवायचे आणि मानेखाली एक आडवा टाका, नाहीतर हुक उभा राहतो. सहा हुकांचा एक ब्लाऊज म्हटलं तर तेवढा वेळ मी खरोखर दुकानातच असायचे. मध्ये फ्रिज थडकला तरी मी म्हणायचे, बरं, थडकला. आता खालून वर. तो थांबायचा असं नाही, पण माझी सुई थांबायची नाही. पूर्वी ही कामं मी मदतनीस मुलीला द्यायचे, आता स्वतःकडे ठेवली. तिला वाटलं तिचं काही चुकलं. तिला नीट समजावावं लागलं.

पाऊस पडत असताना मात्र हे पुरेसं नव्हतं. त्यासाठी मॅडमनी पावसाचीच शिडी केली. आधी फोनवर पावसाचा आवाज, अगदी बारीक, तोही दुपारी. मग जरा मोठा. मग खरा पाऊस, खिडकीतून, नवरा शेजारी. मग छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत. मग पूल. दर पायरीला भीती दहापैकी किती ते सांगायचं आणि ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, पळायचं नाही. पुलावर मी कठडा धरून उभी होते आणि मागून एसटी गेली तेव्हा पूल हलला. आकडा नऊ. किती वेळ उभी होते कोण जाणे, एक ओळखीचे गृहस्थ गाडी थांबवून ‘वहिनी, बरं आहे ना?’ म्हणून विचारून गेले. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळलं, आणि मला हसूच आलं. आकडा पाचवर आला. हसण्याने भीती उतरते हे मॅडमच्या यादीत नव्हतं.

कृतज्ञतेची वही त्यांनी बऱ्याच नंतर काढली, आणि मी लगेच अंग चोरलं. त्यांनी कारण विचारलं. मी ते ‘जीव वाचला’ प्रकरण सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला कोणी कृतज्ञ व्हायला लावलं तर ती कृतज्ञता नसते, तो दम असतो.’ त्यांनी सांगितलं की एमन्स आणि मॅक्युलो या दोन संशोधकांनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात एका गटाला दर आठवड्याला आभार मानावेत अशा पाचेक गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना एकूण आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. पण ती साधी माणसं होती, पुरातून आलेली नव्हेत, तेव्हा आपण आपलं बघून करू, असंही त्याच म्हणाल्या. मला हे आवडलं. औषधाची जाहिरात केल्यासारखं नाही बोलल्या.

पहिले काही दिवस मी वहीत लिहिलं ते वाचवत नाही. घर आहे, नवरा आहे, आरोग्य आहे, सूर्य उगवला. निबंध! मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, यात माणसं नाहीत. कोणी, काय, नेमकं केलं ते लिहा. आणि राग असेल तर तोही लिहा, त्याच पानावर.

हे मला पटकन कळलं, कारण आमच्याकडे गाऱ्हाणं असतं. गणपतीला किंवा ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालताना घरातला मोठा माणूस देवाचे आभार मानतो आणि त्याच दमात तक्रारही करतो. काय बिघडलंय, काय मोडलंय, तू कुठे होतास, आता तरी बघ. आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणतात. देवासमोर दोन्ही चालतं तर वहीत का नको? मग पानं भरायला लागली. ‘शेजारच्या मुलाने शिडी आडवी टाकली आणि सासूबाईंना पाठीवर घेतलं. त्याचा पाय कौलाने कापला होता, त्याने सांगितलंच नाही.’ ‘पुण्याहून आलेल्या कॉलेजच्या पोरांनी मोरीतला चिखल घमेल्याने उपसला, त्यांच्यासाठी चहासुद्धा नव्हता.’ आणि खाली, ‘मोठे दीर तेव्हा एकदाही चिखलात उतरले नाहीत.’ होय महाराजा.

या वहीतच एक दिवस शालूचं आलं. गिऱ्हाइकांच्या ज्या साड्या गेल्या त्यांत एका काकूंच्या सुनेचा शालू होता, लग्नातला, फॉल लावायला आलेला. तो चिखलातून बाहेर काढला तेव्हा जरीत माती घट्ट बसली होती आणि शेजारच्या लाल ब्लाऊजपीसचा रंग पदरभर उतरला होता. मी तीन पाण्यांतून काढला. शेवटी गुंडाळून नेऊन दिला. काकू दारातच म्हणाल्या होत्या, ‘तू काय करणार त्याला. असू दे.’ आणि त्या आधीच्या ब्लाऊजच्या शिलाईचे पैसे माझ्या हातावर ठेवले होते. मी घेतले, कारण घरात नव्हते. त्यानंतर मी त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं होतं. वहीत मी लिहिलं, ‘काकूंनी पैसे दिले.’ पुढे काही लिहवेना.

मॅडम म्हणाल्या, पत्र लिहा आणि समोर बसून वाचून दाखवा. सेलिगमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या २००५ च्या एका अभ्यासात सगळ्या प्रयोगांत अशा भेटीचा परिणाम सर्वांत जोरदार दिसला होता, मात्र तो महिनाभर टिकला आणि तीन महिन्यांपर्यंत ओसरला होता. ‘महिना मिळाला तरी वाईट काय?’ असं त्या म्हणाल्या.

मी गेले. काकू भाजी निवडत होत्या. मी वहीचा कागद काढून वाचायला लागले तर त्या म्हणाल्या, ‘हे काय गो, शाळेत आलीयस का?’ तरी वाचलं. त्या दिवशी त्या पैशांतून आम्ही गॅस भरून आणला होता, चिखलानंतरचा पहिला भात त्यावर शिजला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. तेवढं ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘तुला खरं सांगू? मला तुझा खूप राग आला होता. तू गेल्यावर मी रडले. सूनबाई तर दोन दिवस जेवली नाही. मला वाटत होतं, पाणी चढताना आधी तोच शालू माळ्यावर न्यायला नको होता का हिने?’

मला वाटलं होतं, हे ऐकलं तर मी मोडून पडेन. झालं उलटंच. दीड वर्ष मी हेच वाक्य त्यांच्या मनात असणार म्हणून घाबरत होते, ते आता ताटात निवडलेल्या मेथीसारखं समोर होतं. मी म्हटलं, ‘काकू, मलाही तेच वाटतं.’ त्या म्हणाल्या, ‘असू दे. चहा टाकते.’ सूनबाई बाहेर आली नाही. ती अजूनही माझ्याकडे कापड देत नाही आणि तो तिचा हक्क आहे. काकू मात्र येतात.

पत्रं आणखीही लिहिली. शिडीवाल्या मुलाला वाचून दाखवायला गेले तर तो लाजून पळाला, त्याच्या आईला वाचून दाखवलं. पुण्याच्या पोरांची नावंच माहीत नाहीत, त्यांचं पत्र वहीतच आहे. दिरांना मात्र काही लिहिलेलं नाही.

यामुळे मी ‘बरी’ झाले का? गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या, त्याला आता बराच काळ झाला. शटर वाजलं तर नुसतं शटर वाजतं. जुलैचा तिसरा आठवडा मात्र वाईटच जातो, दर वर्षी. त्या तारखेच्या आसपास आधीच खांदे दुखायला लागतात, मग मला आठवतं का ते. एका वर्षी त्याच आठवड्यात रात्री दोनला पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला, पाणी आलं नाही, पण मी पहाटेपर्यंत टेबलाखाली पाय दाबून फरशीच्या चौकटी मोजत बसले. मॅडमना तेव्हा फोन लागणं शक्य नव्हतं, तर १४४१६ ला केला. सरकारची टेलि-मानस, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, चोवीस तास, मराठीत बोलतात. पलीकडच्या मुलीने फार काही केलं नाही, मला दुकानातल्या वस्तूंची नावं घ्यायला लावली. ते मला येत होतं. पण कोणीतरी ‘हं, पुढे?’ म्हणणारं हवं होतं.

नदीतला गाळ उपसला गेला, त्यासाठी चिपळूणकरांनी मोठं उपोषण केलं, ते योग्यच झालं. माझ्यापुरता मी दुकानाचा नियम बदलला. फळी काढून टाकली. कापड आता माळ्यावरच, प्लास्टिकच्या ड्रममध्ये, प्रत्येक गाठोड्यावर नाव. आणि जुलै-ऑगस्टमध्ये शालू, पैठणी, जरीचं काहीही मी घेत नाही, कितीही ओळखीचं असलं तरी. परवाच एक बाई श्रावणातल्या मंगळागौरीसाठी पैठणीवरचा ब्लाऊज घेऊन आल्या आणि नाही म्हटल्यावर चिडून म्हणाल्या, ‘एवढं काय घाबरायचं? पूर काय रोज येतो?’ मी म्हटलं, ‘नाही येत. सुती असेल तर द्या, चार दिवसांत करून देते.’